शेजाऱ्याचं दिसतं का?

प्रश्न : मी नवीन पनवेलमध्ये राहतो, नेऱ्याच्या बाजूला वडिलोपार्जित थोडी शेती आहे. सातबारा मोबाइलवर निघतो, मालमत्ता कर फोनवरून भरता येतो, दाखल्याचा अर्जही घरबसल्या जातो. तरी काही विचारायला गेलं की ‘साहेबांना येऊन भेटा’ हे उत्तर ठरलेलं. एवढं सगळं ऑनलाइन झालं, मग कारभार उघड झालाय असं का वाटत नाही? सरकारी खात्यांनी इंटरनेट नेमकं कसं वापरलं म्हणजे त्याला खुला कारभार म्हणायचं?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत आपण सगळेच करतो. कर भरणं, दाखला मागणं, अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते पाहणं ही झाली सेवा. ती घरी बसून मिळाली की रांग वाचते, रजा वाचते, रिक्षाचं भाडं वाचतं. हे कमी नाही. पण खुला कारभार तिथून पुढे सुरू होतो. माझं काम झालं हे मला कळणं वेगळं आणि सगळ्यांची कामं कोणत्या नियमाने झाली हे कुणालाही पाहता येणं वेगळं. म्हणून कोणतंही सरकारी संकेतस्थळ उघडलं की मी एकच गोष्ट तपासतो. इथे मला शेजाऱ्याचं दिसतं का?

कुणाच्या घरात डोकावायची ही हौस नव्हे. आपल्यावर अन्याय झालाय की नाही, हे एकट्याचा कागद पाहून कधीच कळत नाही. आपला आणि शेजाऱ्याचा कागद बाजूबाजूला ठेवले की कळतं.

तुमचा सातबारा या कसोटीला उतरतो. महाभूलेखवर कोकण विभाग, रायगड जिल्हा, पनवेल तालुका, मग गाव आणि गट क्रमांक निवडला, मोबाइल क्रमांक टाकला की उतारा समोर येतो. तो गट तुमचा आहे का, असं कुणी विचारत नाही. नेऱ्यातल्या माणसाला वावंज्यातल्या जमिनीचा उतारा बघता येतो. भोगवटादाराचं नाव, वर्ग एक की दोन, क्षेत्र, इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव आणि या नोंदी ज्या फेरफारांनी झाल्या त्यांचे क्रमांक, सगळं उघड. नव्या नमुन्यात शेवटचा फेरफार कोणत्या तारखेचा आणि एखादा फेरफार प्रलंबित आहे का, हेही छापलेलं असतं. जमीन घेणाऱ्याने आधी ही ओळ पाहावी. तिथे प्रलंबित फेरफार दिसला तर बयाणा देण्याआधी चौकशी करावी.

फुकट दिसणारा हा उतारा माहितीपुरता. कायदेशीर कामाला डिजिटल सहीचा उतारा लागतो, तो पंधरा रुपयांत मिळतो. ही सोय १ मे २०१८ रोजी सुरू झाली. तिच्या आधीची एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना आठवते. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना चिक्कार चुका शिरल्या होत्या. कुठे क्षेत्र चुकलं, कुठे बहिणीचं नाव गळालं, कुठे फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिला. मग २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचन झालं. तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गावासमोर नोंदी वाचून दाखवायच्या आणि ज्याचं चुकलंय त्याने तिथेच सांगायचं. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या आसपास. एवढ्या ढिगातल्या चुका शोधायला याहून खात्रीचा मार्ग नव्हता, कारण बांधाची खरी माहिती मंत्रालयाला नसते, बांधाला बांध लागून असलेल्या माणसाला असते. गावाने ऐकलं, दुरुस्त्या झाल्या, त्यानंतर उताऱ्यांवर सह्या चढल्या. संगणकाचं काम उघड्यावर केलं की ते सुधारतं, याचा इतका चांगला दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल म्हणजे ‘आपली चावडी’. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद झाली की तिची प्रत चावडीवर लावायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस द्यायचे, हा जुना नियम. पण चावडीच्या भिंतीवरचा कागद वाचायला कोण जातं? नोकरीसाठी डोंबिवलीला किंवा दुबईला गेलेला भाऊ तर नाहीच. आता या नोटिसा गाववार इंटरनेटवर लागतात. गट क्रमांक, फेरफाराचा प्रकार, हरकतीची शेवटची तारीख हे सगळं परगावी बसून दिसतं. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तुमच्या नेऱ्याच्या गटासाठी महिन्यातून दोनदा ही चावडी उघडून पाहायची सवय लावा. वारस नोंदीतून एखादं नाव गाळलं जात असेल, तर ते थांबवायला हेच पंधरा दिवस हातात असतात.

पनवेलकराला जमिनीच्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला आणि त्या लढ्यातून पुढे जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना आली. योजना आली, पण पात्र कोण, भूखंड कुठे, कुणाचा अर्ज कशासाठी अडला, या प्रश्नांची उत्तरं वर्षानुवर्षं फायलींत राहिली. जिथे फाइल बंद असते तिथे ‘आतली माहिती’ असणाऱ्याला भाव येतो. आपल्या भागात दलालांचा एवढा सुळसुळाट का झाला, याचं माझं उत्तर हेच आहे. माहिती दुर्मीळ ठेवली की ती विकली जाते.

याच पार्श्वभूमीवर नैनाकडे पाहा. विमानतळाभोवतीच्या या क्षेत्रासाठी २०१३ मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं आणि तिथे नगररचना परियोजना आखल्या गेल्या. शेतकऱ्याची जमीन एकत्र करायची, रस्ते-बागा काढायच्या आणि मूळ क्षेत्राच्या ४० टक्के इतका अंतिम भूखंड त्याला परत द्यायचा, अशी ही पद्धत. ती योग्य की अयोग्य यावर गावागावांत वाद आहेत, त्यात मी इथे शिरत नाही. मला तुमचं लक्ष वेधायचंय ते परियोजनेच्या एका तक्त्याकडे. त्यात प्रत्येक मालकाचा मूळ भूखंड, त्याचं क्षेत्र आणि त्याबदल्यात ठरवलेला अंतिम भूखंड एका ओळीत असतात. हा तक्ता आणि नकाशा मसुद्याच्या वेळीच सगळ्यांसमोर असला की शेतकरी आपली ओळ वाचून थांबत नाही, वरच्या-खालच्या दहा ओळीही वाचतो. आपल्याला आतल्या बाजूचा भूखंड आणि अमक्याला रस्त्यालगतचा का, हा प्रश्न तो मुदतीत आणि भूखंड क्रमांकासह विचारू शकतो. हरकतीला वजन येतं ते अशा आकड्यांनी.

घर घेणाऱ्यांसाठी असंच दार १ मे २०१७ पासून उघडलं, महारेराच्या रूपाने. पनवेल, करंजाडे, तळोजे, उलवे या पट्ट्यात इतकी बांधकामं चालू आहेत की इथल्या वाचकाने महारेराचं संकेतस्थळ वापरलं नसेल तर मला नवल वाटेल. मंजूर नकाशे, किती सदनिका विकल्या गेल्या, ताबा कधी, प्रकल्पावर कोणते खटले आहेत हे तिथे बिल्डरने स्वतः भरायचं आणि दर तीन महिन्यांनी ताजं करायचं. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते बांधकाम व जमिनीच्या खर्चासाठीच काढायचे, हाही कायदाच. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला. होर्डिंगसमोर उभं राहून तो स्कॅन केला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं. फक्त पान उघडून समाधान मानू नका. ताब्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही बघा, आणि त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्प बघा. बिल्डरचं वळण त्या जुन्या पानांवर दिसतं.

नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा कमी लोकांना माहीत आहे, ती या सगळ्यांत मला सर्वांत आवडते. नोंदवलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन तिथे पाहता येते. तुमच्याच इमारतीतली सदनिका मागच्या वर्षी किती किमतीला विकली गेली, कोणी कोणाला विकली, क्षेत्र किती. सोबत वार्षिक मूल्य दर तक्ता, म्हणजे ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, तोही तपासता येतो. एजंट सांगेल तो भाव मान्य करण्याची सक्ती उरत नाही.

आता महापालिकेकडे वळू. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सगळ्यांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली, आणि जुन्या शहरासोबत खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या सिडको वसाहती आणि आजूबाजूची गावं एका छत्राखाली आली. पुढे मालमत्ता कर स्थापनेच्या दिवसापासूनचा मागितला गेला आणि त्याच काळात वसाहतींतले रहिवासी सिडकोला सेवाशुल्कही भरत होते. त्यावरून केवढा वाद झाला, हे तुम्ही नवीन पनवेलमध्ये राहून जवळून पाहिलं आहेच. न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या वादात कोण बरोबर, हे सांगायची ही जागा नाही. पण अशा वादात नागरिकाच्या हाती काय असतं ते पाहा. स्वतःचं बिल. संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाकला की आपली थकबाकी दिसते, भरायचं बटण दिसतं, पावती मिळते. सेवा म्हणून उत्तम. पण माझ्या घराला लावलेला दर माझ्या शेजारच्या इमारतीला, पलीकडच्या मॉलला, रस्त्यापल्याडच्या मंगल कार्यालयालाही त्यांच्या वर्गाप्रमाणे बरोबर लावलाय का? बहुतेक महापालिकांच्या कर भरण्याच्या पानावर हे कळायला मार्ग नसतो.

गंमत म्हणजे कायद्यात तो मार्ग फार पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. त्याच्या करविषयक नियमांत आकारणी पुस्तक पाहणीसाठी खुलं ठेवायचं, तशी जाहीर सूचना द्यायची आणि तक्रारीला मुदत ठेवायची, असं लिहिलेलं आहे. म्हणजे संगणकाचं नावही नव्हतं तेव्हाच्या कायदा करणाऱ्यांना हे उमगलेलं होतं की कर आकारणी न्याय्य आहे यावर लोकांचा विश्वास बसायचा तर वही उघडी हवी. ते पुस्तक आता संगणकात आहे. खुलं ठेवणं कितीतरी सोपं झालंय. तरी ते उघडत नसेल, तर अडचण यंत्राची नाही.

तुमच्या ‘असं का वाटत नाही’चं उत्तर इथे आहे. ज्या नोंदवहीवर कार्यालय स्वतः रोज काम करतं तीच वही नागरिकाला दिसते का, यावर सगळं ठरतं. फेरफाराची प्रणाली आणि आपली चावडी यांच्यामागे माहितीचा साठा एकच आहे. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की तुम्हाला ती बदललेली दिसते, मध्ये कुणी कागद स्कॅन करून ‘अपलोड’ करायला बसलेलं नसतं. उलट अनेक कार्यालयांत काम एका फायलीत चालतं आणि संकेतस्थळ ही वेगळी, दाखवायची जागा असते. साहजिकच ती मागे राहते. ‘नवीन’ अशी पाटी चमकते आणि खाली दोन वर्षांपूर्वीची निविदा असते, बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक असतो. संगणक विभागातल्या बिचाऱ्या एका कर्मचाऱ्याला दोष देऊन हे सुधारणार नाही. कामाची वही हीच दाखवायची वही करणं, हाच त्यावरचा इलाज.

आणि वही दाखवायची तर वाचता येईल अशी. महासभेचा ठराव पीडीएफमध्ये चढवलेला असतो. उघडावा तर पान तिरकं, गोल शिक्क्याखाली दोन ओळी गेलेल्या, आणि सगळा मजकूर म्हणजे एक चित्र. त्यात ‘कळंबोली’ शोधायचं म्हटलं तर शून्य निकाल. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. सुरेख, शिवाजी किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर नीट दिसतो, पण कॉपी करून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उरतो. युनिकोड सर्वत्र रुजून किती वर्षं झाली! अंध वाचक स्क्रीन रीडरवर मजकूर ऐकतो, त्याच्यासाठी स्कॅन केलेलं पान म्हणजे कोरं पान. डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं आहे. अर्थसंकल्पाचंही तसंच. तीनशे पानांचं चित्र देण्याऐवजी तीच आकडेवारी तक्त्याच्या फाइलमध्ये दिली तर कामोठ्यातला अकरावीचा विद्यार्थीसुद्धा संध्याकाळभरात काढेल की प्रभागवार गटारांवर किती खर्च धरला होता आणि किती झाला. केंद्र सरकारने आकडेवारी खुली करण्याचं धोरण २०१२ मध्येच आणलं, त्यासाठी वेगळं संकेतस्थळही काढलं. महापालिकेच्या पातळीवर ती सवय अजून मुरायची आहे.

पनवेलमध्ये तर याची निकड आणखी होती. महापालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. सभागृह असतं तेव्हा निदान विरोधी नगरसेवक उठून प्रश्न विचारतो, पत्रकार दीर्घेत बसून लिहून घेतात. सभागृहच नसेल तेव्हा ठराव कोणता झाला, कशासाठी झाला, किती रकमेचा झाला हे संकेतस्थळावर त्याच आठवड्यात आलं पाहिजे. आता नगरसेवक आले आहेत. पण निर्णय त्याच आठवड्यात लोकांसमोर ठेवायची शिस्त सभागृह असतानाही पाळावी, असा आग्रह त्यांच्याकडे धरायला हीच वेळ योग्य आहे.

कायद्याचं पाठबळ भक्कम आहे. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला आणि आपण तो ‘अर्ज करायचा कायदा’ म्हणून ओळखतो. त्याचा खरा गाभा कलम ४ आहे. त्याच्या (१)(ख) मध्ये प्रत्येक कार्यालयाने न मागता जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. निर्णय कसा घेतला जातो, कोणत्या नियमांनी, अंदाजपत्रकातला पैसा कुठे गेला, अनुदान कुणाला मिळालं, सवलत-परवाना कुणाला दिला, हे सगळं त्यात येतं. आणि कलम ४(२) सांगतं की इंटरनेटसह सर्व साधनांनी इतकी माहिती आपण होऊन द्या की लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. २००५ सालच्या कायद्यात हे लिहिलेलं आहे. त्या अर्थाने, माहिती अधिकाराचे ढिगाने येणारे अर्ज हे कलम ४ पाळलं न गेल्याचं लक्षण आहे. अर्जदार फार झाले म्हणून कुरकुर करणाऱ्या कार्यालयांनी आधी स्वतःचं संकेतस्थळ उघडून पाहावं.

राजस्थानने हे मनावर घेतलं. माहिती अधिकाराची चळवळ मुळात तिथल्या गावांतून, मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनावण्यांतून उभी राहिली. मजुरीची हजेरीपत्रकं गावासमोर वाचली जायची आणि मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलल्याचं उघड व्हायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झालं. त्यात आपली पंचायत किंवा प्रभाग निवडला की रेशन दुकानातून कुणाला किती धान्य गेलं, कोणत्या योजनेचे लाभार्थी कोण, हे लॉगिनशिवाय दिसतं. आपल्याकडेही रेशनच्या ई-पॉस प्रणालीत शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक टाकून कोणत्या महिन्यात किती धान्य उचलल्याची नोंद झाली ते पाहता येतं. ज्याला दुकानदार ‘या महिन्यात माल आला नाही’ म्हणाला, त्याने ही नोंद जरूर पाहावी.

प्रश्न : तुम्ही म्हणता शेजाऱ्याचं दिसलं पाहिजे. मग माझंही सगळ्या जगाला दिसणार. एकटी राहणारी बाई म्हणून मला याची भीती वाटते. (कामोठे)

उत्तर : भीती रास्त आहे. माझं म्हणणं सार्वजनिक कारभाराच्या नोंदीपुरतं आहे. जमिनीचा हक्क, कराचा दर, परवाना, कंत्राट, भूखंडाचं वाटप हे उघड हवं. तुमचा फोन नंबर, आधार क्रमांक, आजाराचा दाखला, मुलांची नावं यांचा त्या कारभाराशी संबंध नाही, ते झाकलेलंच हवं. लाभार्थ्यांच्या यादीत आधार क्रमांक छापून मोकळं होणारं कार्यालय खुलं नसतं, निष्काळजी असतं. कर आकारणीचा तक्ता मालमत्ता क्रमांक, क्षेत्र, वापर आणि दर एवढ्यावर भागतो, मालकाच्या नावाचीही दर वेळी गरज नसते.

एस्टोनियात याची दुसरी बाजूही सांभाळली आहे. तिथे नागरिकाला आपली नोंद कोणत्या सरकारी कार्यालयाने केव्हा पाहिली, हे स्वतः तपासता येतं. आपल्याकडे असं काही आलं तर तुमची भीती बरीच कमी होईल.

मात्र गोपनीयतेच्या नावाखाली उलटा प्रवास होऊ नये, ही माझी काळजी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधल्या वैयक्तिक माहितीच्या अपवादाची शब्दरचना बदलली आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आधी त्या कलमातच व्यापक जनहिताची तपासणी होती, आता तिथे ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं आहे. जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) ची तरतूद शाबूत आहे. ‘वैयक्तिक आहे’ म्हणून नकार आला तर अपिलात तिचा उल्लेख करायला विसरू नका.

प्रश्न : मी धोदाणीच्या बाजूला शिकवते. इथल्या वाड्यांवर मोबाइलला रेंज मिळायची मारामार. त्यांना या पोर्टलांचा काय उपयोग? (शिक्षिका)

उत्तर : थेट उपयोग थोडा, हे मान्य करायलाच हवं. आणि म्हणूनच ऑनलाइन सोय झाली की खिडकी बंद करायची, या वृत्तीला माझा विरोध आहे. जातीच्या दाखल्यासाठी माथेरानच्या पायथ्याहून पनवेलला आलेल्या ठाकूर किंवा कातकरी बाईला ‘ऑनलाइन करा’ म्हणून परत पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवा, तिची मुदत, शुल्क आणि जबाबदार अधिकारी यांची यादी कार्यालयाच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे, आणि विनाकारण विलंब झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ही यादी आपले सरकार संकेतस्थळावरही आहे. तुम्ही तिची प्रत काढून शाळेच्या भिंतीवर लावलीत तर केंद्रावर जादा पैसे मागणाऱ्याला पालक शुल्काचा आकडा दाखवू शकतील. ग्रामसभेच्या दिवशी गावाच्या फेरफार नोटिसा आणि रेशनची नोंद तालुक्याहून उतरवून आणून वाचून दाखवता आल्या, तर रेंजवाचून काही अडत नाही. चावडी वाचन असंच झालं होतं.

प्रश्न : महापालिकेकडे नक्की काय आणि कसं मागू? (पहिल्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर : आधी अर्ज न करता फाइल पाहून या. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे महापालिकांसह जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पुणे महापालिकेत ही प्रथा आधीपासून होती, तिचा उपयोग पाहून ती राज्यभर नेली. तुमच्या इमारतीच्या आणि शेजारच्या दोन इमारतींच्या कर आकारणीची पानं दाखवा म्हणून सांगा. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, शुल्क दहा रुपये. ऑनलाइन भरता येतं, नाहीतर अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावा. ‘अन्याय का केला’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कुठल्याच फायलीत नसतं. अमुक प्रभागातल्या मालमत्तांचे क्रमांक, आकारणीयोग्य क्षेत्र, वापराचा प्रकार, लावलेला दर आणि ज्या ठरावाने तो दर ठरला त्याची प्रत, एवढंच मागा. माहिती संगणकात असेल तर ती संगणकीय स्वरूपात मिळण्याचा हक्क कायद्याच्या व्याख्येतच आहे, तिथे फ्लॉपीचासुद्धा उल्लेख सापडेल. शिवाय कलम ७(९) प्रमाणे कार्यालयाची साधनं अवाजवी खर्ची पडत नसतील तर ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात माहिती द्यायची असते. म्हणून ‘तक्त्याच्या फाइलमध्ये, ईमेलवर द्यावी’ हे स्पष्ट लिहा.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. तिथेही निभावलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं. पहिल्या अपिलातच एक वाक्य घाला की ही माहिती कलम ४ प्रमाणे आपण होऊन संकेतस्थळावर असायला हवी होती आणि तशी ती यापुढे ठेवण्याचे निर्देश द्यावेत. फाइल मिळाली तर एकट्याने ठेवू नका, सोसायटीच्या गटावर टाका आणि प्रभागाच्या नगरसेवकांनाही पाठवा.